ओठांवरचा निळा रंग

"बंतु, बंतु! बण्ण बंतु!"

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आरोळी ठोकली आणि बसवनगुडीतलं ते अख्खं कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, उठून उभं राहिलं. आला, रंग आला! कन्नड न कळणाऱ्यांनाही तेवढं कळलं, कारण समोर दिसतच होतं. मंचावर तांब्याची मोठी परात, परातीत दुधाची धार सोडलेलं पांढुरकं पाणी, आणि त्या पाण्यात कुणाच्या तरी आजोबांचा काळा-पांढरा फोटो. वर कॅमेरा टांगलेला होता, त्यामुळे परातीतलं सगळं भिंतीएवढ्या पडद्यावर दिसत होतं. महाराज फोटोवरून हळूहळू तळहात फिरवत होते. आधी पगडीवर तांबूस छटा उमटली. मग गालांवर गव्हाळ रंग चढला, कोट तपकिरी झाला, मागची झाडं हिरवी झाली. दोन-चार मिनिटांत आजोबा असे दिसू लागले, जणू आत्ताच गांधीबाजारातून भाजी घेऊन परतलेत. त्यांचा नातू, चांगला पन्नाशीचा गृहस्थ, मंचावर आडवा पडून रडू लागला.

पाणी मात्र आता राखाडी झालं होतं. महाराजांनी ते ओंजळीत घेऊन सभेला दाखवलं.

"हे बघा कर्म! धुऊन निघालं. फोटो काळा-पांढरा नसतो रे बाळांनो, आपली नजर काळी-पांढरी असते. आत्म्याचे रंग कधी उडत नाहीत. आत्मा म्हणजे ट्वेंटी-फोर बाय सेव्हन, फुल एचडी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे श्री वर्णानंद महाराज. अंगावर फिकट जांभळं रेशीम, दाढी नीट कातरलेली, आणि कन्नड, हिंदी, इंग्रजी, मराठी अशा चारही भाषांत सारखंच सफाईने बोलणारी जीभ. आत्म्याची चित्रगुणवत्ता सांगणारे मी पाहिलेले हे पहिलेच महाराज.

मी उमाकांत. बसवनगुडीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमची मराठी घरं इथे दोन-तीन पिढ्यांपासूनची, त्यामुळे आमच्या बोलण्यात अण्णा-अक्का सहज येतात. निवृत्तीनंतर हौस म्हणून मी जुने फोटो दुरुस्त करतो. स्कॅन करायचे, सुरकुत्या, बुरशी, फाटलेले कोपरे संगणकावर बुजवायचे. म्हणूनच गिरीराजने मला इथे ओढून आणलं होतं. "उमाकांतराव, तुम्ही नुसते डाग काढता. इथे चला, चमत्कार बघा."

गिरीराज माझा शेजारी. विमानांच्या सरकारी कारखान्यात त्याने जन्मभर इंजिनियर म्हणून काम केलं. स्वभावाने भला, हिशेबी, देवाला दुरूनच हात जोडणारा. पण त्याच्या मुलीला, दिव्यश्रीला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. ती नवऱ्याबरोबर सर्जापूर रोडला राहते, आयटीत आहे. तिच्याबद्दल बोलताना गिरीराजचा आवाज आता खाली येऊ लागला होता. कुणीतरी त्याची बायको भार्गवी हिला सांगितलं की घराण्यातलं कुणीतरी अतृप्त आहे, फोटो घेऊन महाराजांकडे जा. अतृप्त कोण असणार? गिरीराजची आई. तो चार वर्षांचा असताना ती कावीळ होऊन गेली होती. तिचं नाव अंबुजा. तिचा एकच फोटो घरात होता, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. भार्गवीने तो आधी महाराजांच्या स्वयंसेवक मुलींना व्हॉट्सॅपवर पाठवला आणि मग दोन दिवस आधी मूळ प्रतही "पूजेसाठी" नेऊन दिली.

आजोबांनंतर अंबुजाबाईंचा नंबर लागला. फोटो पाण्यात गेला. महाराजांचा हात फिरू लागला. साडी हिरवी झाली, काठ लाल झाले. कुंकू उजळलं. माझ्याशेजारी गिरीराजने श्वास रोखला होता. साठी उलटलेल्या त्या माणसाला आईचा चेहराच आठवत नव्हता, आणि आता ती पडद्यावर रंगरूपासकट उभी राहत होती. मला त्याचं मन कळत होतं.

मग महाराजांचा हात थांबला.

"अरे देवा," ते हलकेच म्हणाले. "हिच्या ओठांवर बघा."

सगळ्यांनी पाहिलं. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत एक निळसर ओघळ उतरला होता.

"निळा. हा रंग मी देत नाही, आत्मा देतो. हिला कुणीतरी पाजलंय. घरातल्याच हाताने पाजलंय." महाराजांनी डोळे मिटले. "तो हात अजून त्याच घरात आहे. म्हणून वंश थांबलाय."

भार्गवीने तोंडावर हात ठेवला. गिरीराजने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. आम्हा तिघांच्याही मनात एकच नाव आलं होतं.

कस्तुराबाई. गिरीराजची आत्या. सगळी गल्ली तिला कस्तुरक्का म्हणायची, मी नुसतंच अक्का म्हणायचो. लहान वयात वैधव्य आलं म्हणून ती भावाकडे राहायला आली. भावजय आजारी पडली तेव्हा तिची सेवा अक्काने केली, आणि भावजय गेल्यावर तिचं चार वर्षांचं पोर पदरात घेतलं. गिरीराजला तिनेच वाढवलं. भावाने दुसरं लग्न केलं नाही ते अक्कामुळेच, असं जुनी माणसं म्हणत. आता ती चौऱ्याऐंशीची होती, पण पहाटे उठून कॉफीचं डिकॉक्शन लावायची आणि सगळ्यांच्या आधी अंगणात रांगोळी घालायची.

आणि कावीळ झालेल्या भावजयीला वैद्याचा काढा रोज तीच पाजायची, हेही घरात सर्वांना माहीत होतं.

महाराजांना कसं कळलं? त्यात गूढ काहीच नव्हतं. मी भार्गवीला परत येताना विचारलं, "फोटो द्यायला गेलात तेव्हा त्यांच्याशी काही बोलणं झालं होतं?"

"फार प्रेमळ मुली आहेत हो त्या. कॉफी दिली. आई कशाने गेल्या, शेवटी जवळ कोण होतं, घरात वडीलधारं कोण आहे, सगळं आस्थेने विचारलं."

"मग तुम्ही काढ्याचं सांगितलंत?"

"सांगितलं असेल. पण ओठ निळे आहेत हे मी कुठे सांगितलं होतं?"



दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा रोजच्यासारखी अक्काने कॉफी पुढे केली. "मास्तर, स्वल्प बसा." मी पेला घेतला. गिरीराजने घेतला नाही. भार्गवी आतून आली, तिने गिरीराजपुढे वेगळा पेला ठेवला आणि अक्काने ओतलेली कॉफी मोरीत ओतून दिली. अक्का बघत राहिली.

"काय झालं गं? नासलंय का दूध?"

मग गिरीराजने खाली बघत विचारलं, "आत्या, तू आईला काय पाजायचीस?"

"कधी?"

"ती आजारी होती तेव्हा."

"काढा. वैद्यांचा. भुईआवळीचा होता वाटतं. एवढ्या वर्षांनी का विचारतोस, राजा?"

"नुसता काढाच?"

अक्काला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिने भिंतीला हात लावला आणि तशीच खाली बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "मी? वहिनींना?"

गिरीराजने महाराजांकडून मिळालेला रंगीत फोटो तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून तो पाहिला, फार वेळ पाहिला. मी म्हणालो, "अक्का, तसल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका." तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

निघताना मी भार्गवीला मूळ फोटो मागितला. तो परत मिळालाच नव्हता. का मिळावा? भक्तांच्या समजुतीप्रमाणे मूळ फोटोच तर रंगीत झाला होता! अंबुजाबाईंचा या जगातला एकमेव खरा फोटो गेला होता आणि त्याच्या जागी चकचकीत प्लॅस्टिकसारखा एक कागद आला होता. महाराजांच्या भाषेत त्या चकाकीचं नाव होतं 'दिव्य झिलई'. भार्गवीच्या मोबाइलमध्ये तिने पाठवलेली प्रत तेवढी होती. ती मी माझ्याकडे घेतली. आणि सभेत मिळालेली, देवघरात ठेवलेली परातीतल्या राखाडी पाण्याची बाटलीही मागून आणली. त्याला 'कर्मजल' म्हणायचं आणि घरभर शिंपडायचं असा आदेश होता.

बाटली मी टेबलावर स्थिर ठेवली. काही वेळाने वर पाणी निवळलं आणि तळाशी गाळ बसला. तो काचेवर पसरून वाळवला, भिंग लावलं. कर्माचे तंतू दिसले. कागदाचे असतात तसे. गाळात शाई होती, छपाईयंत्रातली साधी काळी शाई.

मग मी चिकपेठेत गेलो. तिथे मशीनच्या भरतकामाचं सामान विकणारी दुकानं आहेत. भरतकाम करताना कापडाखाली एक कागद लावतात, तो नंतर पाण्यात टाकला की विरघळून जातो. तो कागद घेतला. घरी येऊन बाकीची जुळणी करायला मला दोन दिवस पुरले.

युक्ती अशी होती. भक्त फोटो आधी पाठवतो. फोटोत आपोआप रंग भरणारे प्रोग्राम आता कुणालाही मिळतात, एक बटण दाबलं की काम झालं. तो रंगीत फोटो न भिजणाऱ्या प्लॅस्टिकच्या कागदावर छापायचा. त्याच मापाचा काळा-पांढरा फोटो विरघळणाऱ्या कागदावर छापायचा आणि रंगीत फोटोवर अलगद चिकटवायचा. वरून काळा-पांढरा दिसतो. पाण्यात टाकला की वरचा थर विरघळू लागतो, हात फिरवला की लगदा सुटतो, आणि खालचे रंग जागोजागी वर येतात. पाण्यात दूध असतं ते लगदा दिसू नये म्हणून. मूळ फोटो बहुधा कचऱ्यात.

राहिला निळा रंग. भार्गवीच्या मोबाइलमधली प्रत मोठी करून पाहिली. फोटो चौकटीच्या काचेला चिकटला असणार, ओल लागली असणार, कारण ओठापासून हनुवटीपर्यंत एक डाग होता. तिथली फोटोची कांतीच गेली होती. रंग भरणाऱ्या प्रोग्रामला यातलं काही कळत नसतं. त्याला आधी लाखो रंगीत फोटो दाखवलेले असतात, त्यावरून तो अंदाज बांधतो. आकाश असेल तर निळं, पानं असतील तर हिरवी, चेहरा असेल तर गव्हाळ. हा डाग चेहऱ्यासारखा दिसत नव्हता, म्हणून त्याने सावली समजून त्यात निळसर करडा रंग भरून टाकला. मी रोजच्या सवयीने डाग बुजवला आणि तोच फोटो पुन्हा तसल्याच एका प्रोग्रामला दिला. ओठ गुलाबी आले. ओघळ नाहीसा झाला. फोटो थोडा उजळ करून दिला तर हिरवी साडी चक्क मरून रंगाची झाली.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतातच. चांदीचे बारीक कण कमी-जास्त काळे झालेले असतात, बस. तांबडं आणि हिरवं त्यात एकाच राखाडीत बुडून जातं. ते परत कोण आणणार?

आधी महाराजांना सर्वांसमोर पकडावं असं मी ठरवलं. माझी बायको नीलिमा काही वर्षांपूर्वी गेली. तिचा एक रंगीत फोटो घेतला, तो संगणकावर काळा-पांढरा केला, जुना दिसेल असा छापला आणि दुसऱ्या नावाने महाराजांकडे पाठवला. त्या फोटोत तिने पोपटी साडी नेसली आहे. मूळ रंगीत फोटो खिशात ठेवला आणि गिरीराज-भार्गवीला बरोबर घेऊन गेलो.

परातीत नीलिमा रंगली. साडी आली मरून.

"मरून!" महाराज म्हणाले. "हा तृप्तीचा रंग. ही माउली सुखात आहे."

मी उठलो, मंचापाशी गेलो आणि खिशातला फोटो वर धरला. "महाराज, ही माझी बायको. ही साडी पोपटी होती. हा त्याच दिवसाचा, तोच फोटो. आणि तुमच्या परातीत कर्म नाही, कागदाचा लगदा आहे." असं म्हणून मी परातीत हात घातला आणि मूठभर लगदा काढून सभेला दाखवला.

मला वाटलं, संपलं. पुढच्या रांगेतले दोघेजण एकमेकांकडे बघू लागले होते. एक बाई अर्धवट उठल्या होत्या.

वर्णानंदांनी माझ्याकडे पाहून गोड हसून दाखवलं.

"सर, तुमच्या कॅमेऱ्याला कापड दिसलं. मला आत्मा दिसतो. मॅडमना वरती गेल्यावर मरून आवडायला लागलाय, त्याला मी काय करू? तुम्ही खाली त्यांचं ऐकत नव्हता, आता तरी ऐका!"

मंटपात हशा पिकला. मग टाळ्या. उठलेल्या बाई हसत खाली बसल्या. दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून, "बन्नी सर, बन्नी, या," करत अत्यंत आदराने दाराबाहेर नेलं. माझ्या बोटांना लगदा तसाच चिकटलेला होता. नीलिमाला मरून रंग कधीच आवडला नाही. पण तिथल्या शेकडो माणसांना आता तिची आवड माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झाली होती.

तरीही मला आशा होती ती गिरीराजची. इंजिनियर माणूस. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी सगळं सामान घेऊन गेलो. स्वयंपाकघरातली परात घेतली, पाण्यात दूध घातलं आणि त्याच्याच आईचा फोटो त्याच्याच टेबलावर रंगवून दाखवला. ओठ गुलाबी. मग डागासकट रंगवलेला दुसरा दाखवला. ओठ निळे. कागद, लगदा, प्रोग्राम, सगळं त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतः एकदा करून पाहिलं. डाग कुठवर आहे ते बोट फिरवून पाहिलं.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "ट्रिक आहे."

भार्गवी दारात उभी होती. मी सुस्कारा सोडला. "मग अक्कांची माफी मागा. आत्ता मागा."

गिरीराजने परातीतला लगदा बोटाने बाजूला सारला. "उमाकांतराव, एक सांगा. डाग बरोबर ओठावरच कसा आला?"

"ओल कुठेही लागते, गिरीराज."

"कुठेही लागते. पण लागली ओठावर. महाराज लबाड असतील. मशीनही मूर्ख असेल. पण मूर्ख मशीनकडून चुकून खरं बाहेर पडलं असेल तर?"

"असं कसं चुकून खरं पडेल? पुरावा काय?"

"पुरावा?" तो एकदम ओरडला. मी त्याला आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. "माझी पोरगी दोनदा रिकाम्या हाताने दवाखान्यातून आली. त्याला काहीतरी कारण असेल ना? तुम्ही म्हणता हे कारण नाही. सरी, ठीक आहे. मग दुसरं द्या!"

माझ्याकडे परात होती, कागद होता, संगणक होता. त्याला हवं होतं ते कारण नव्हतं. "डॉक्टरांना विचारू," असं मी म्हणालो, पण त्यात अद्भुत काहीच नव्हतं, आणि दोष द्यायला समोर माणूसही नव्हता.

भार्गवी शांतपणे म्हणाली, "थोडे दिवस आत्यांना दुसरीकडे ठेवायचं ठरवलंय. त्यांचीही नीट सोय होईल."

कनकपुरा रोडच्या पलीकडे एक वृद्धाश्रम होता. अक्काने भांडण केलं नाही. मीच त्यांना माझ्या घरी या म्हणून आग्रह केला. त्या म्हणाल्या, "नको मास्तर. त्याच गल्लीत राहिले तर राजाला रोज तोंड दिसेल माझं." आपली दोन पातळं आणि चष्मा घेऊन त्या गाडीत बसल्या. गिरीराज सोडायला गेला. वाटेत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही.

मी अधूनमधून बसने तिकडे जाऊ लागलो. पहिल्या खेपेला मी सगळा उलगडा अक्कांना समजावला. कागद दाखवला, तिथल्याच बादलीत विरघळवून दाखवला, गुलाबी ओठांचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी मन लावून ऐकलं. हुशार बाई होती, सगळं कळत होतं.

"म्हणजे तो माणूस खोटा."

"शंभर टक्के खोटा."

"आणि तो निळा रंग मशीनने भरला."

"हो अक्का. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी गुलाबी ओठांचा फोटो बाजूला सरकवला. "तुम्ही म्हणता ते खरंच असणार, मास्तर. पण एक सांगू? पूर्वी वहिनींची आठवण काढली की त्यांचा पिवळा पडलेला चेहरा आठवायचा. कावीळच ती. आता डोळे मिटले की ओठ निळेच दिसतात. मी वाटी लावतेय आणि ओठ निळे होतायत. मी खरंच पाहिलं होतं का हो तसं? वैद्यांची पुडी बदलली तर नसेल माझ्याकडून?"

"नाही हो, अक्का!"

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

मी कुठेच नव्हतो. तेव्हा मी शाळकरी पोर होतो, माझ्या आईचं बोट धरून फिरणारा. परातीतला रंग मला खरवडून दाखवता आला. पण त्या बाईच्या डोक्यात चढलेला रंग कशाने खरवडायचा, ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाणं सोडलं. आधी त्या तिथे भाजी निवडायला जायच्या. "माझा हात नको," एवढंच त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं. कुणाला कारण कळलं नाही.

मी दिव्यश्रीला फोन केला. ती भेटायला आली, सगळं ऐकलं. "काका, आय न्यू इट. मला बाबांनी त्या सभेचा व्हिडिओ पाठवला तेव्हाच मी म्हटलं होतं, धिस इज एआय कलराइझेशन. पण आत्याआजीला बाहेर काढतील असं वाटलंच नाही. मी माझ्याच दुःखात होते."

"त्यांना घरी आण."

"आई म्हणते, आधी तुझं मार्गी लागू दे. प्रत्येक वेळी तेच."

मी तिला म्हणालो, निदान तुझी तरी नीट तपासणी करून घे. तिने इंदिरानगरमधल्या एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी रक्ताच्या बऱ्याच चाचण्या केल्या आणि कारण सापडलं. तिचं रक्त जरुरीपेक्षा लवकर गोठत होतं, त्यामुळे गर्भाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं. उपाय होता. दिवस राहिल्यावर पोटात रोज एक इंजेक्शन घ्यायचं. दिव्यश्रीने ते न चुकता घेतलं. पोटावर निळे-काळे डाग पडले तरी घेतलं. या वेळी गर्भ टिकला.

मला वाटलं, आता तरी सुटेल. कारण मिळालं होतं. गिरीराजने मागितलेलं, खरंखुरं, प्रयोगशाळेतलं.

दिव्यश्री सातव्या महिन्यात माझ्याकडे आली ती रडतच. "काका, आई वर्णानंदांच्या सभेत जाऊन आली. माईकवर बोलली. आत्या घरातून गेल्या आणि माझ्या मुलीची कूस उजवली, असं सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"तू इंजेक्शनचं नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना! ती म्हणते, इंजेक्शन आधी का नाही सुचलं मग? आत्या गेल्यावरच डॉक्टरांना कसं सुचलं?"

गिरीराजला मी गाठलं. त्याने मान खाली घातली. "उमाकांतराव, मला कळतं सगळं. पण आता आत्याला आणलं आणि काही झालं, तर? मी कुणाला तोंड दाखवू?" त्याचा महाराजांवर विश्वास नव्हता. भीती होती. ती विश्वासापेक्षा चिवट निघाली.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळ प्रवासाला नेण्याजोगं झाल्यावर दिव्यश्री कुणाला न विचारता मला घेऊन वृद्धाश्रमात गेली. तिला आत्याआजीच्या मांडीवर बाळ ठेवायचं होतं, मग गाडीत बसवून सरळ स्वतःच्या घरी न्यायचं होतं. खोलीही तयार ठेवली होती.

अक्का खाटेवर बसल्या होत्या. दारात आम्हाला पाहिलं, दुपट्यातलं बाळ पाहिलं, आणि चेहरा असा फुलला की मी विसरूच शकत नाही. पण ते अर्धा क्षणच. मग त्यांनी भर्रकन पदर डोळ्यांवर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"ने गं तिला. लवकर ने."

"आत्याआजी, असं काय करतेस? बघ तरी एकदा."

"नको. माझी नजर नको तिच्यावर. मी घरातून निघाले म्हणून ती आलीय. एवढं मला कळतं. ने, राणी."

"मी इंजेक्शन घेत होते, आत्याआजी. रोज. त्याने झालं हे."

पदराआडून त्यांनी मान हलवली. लहान मुलाच्या समाधानासाठी आपण हलवतो ना, तशी. दिव्यश्री दारात उभी राहून रडली, बाळ रडलं. पदर काही निघाला नाही. त्यानंतर फार दिवस त्या जगल्या नाहीत. डॉक्टरांनी वय झालं होतं असं सांगितलं. त्या जेवत नव्हत्या, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं.

वर्णानंदांची सभा अजून भरते. आता मोठ्या मंटपात भरते. तक्रार करा म्हणून सांगायला मी महाराजांकडे फोटो नेलेल्या कितीतरी घरांत जाऊन आलो. आम्हाला तर चांगलाच अनुभव आला, असं म्हणून लोक मला कॉफी देतात.

हे वाचून कुणाचं डोकं ठिकाणावर येईल असा माझा फारसा भरवसा नाही. तरी सांगतो, कारण सांगणं एवढंच हातात आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग साठवलेले नसतात. आज जो रंग दिसतो तो अंदाज असतो, हौस म्हणून भरावा, भिंतीवर लावावा, पण त्यावरून जिवंत माणसाचा न्याय करू नये. कुणी फोटोतून, पाण्यातून, राखेतून तुमच्या घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याला विचारा, हे तुला कसं कळलं? तुझ्याशिवाय आणखी कुणाला तपासता येईल का? आणि दुःखाचं कारण सापडत नसेल, तर "अजून माहीत नाही" असं म्हणायला शिका. ते फार जड जातं. पण ते म्हणता आलं नाही म्हणून आमच्या गल्लीतली एक बाई आपल्याच हातांना भिऊन मेली, आणि त्या हातांनी कुणाला कधी काही वाईट केल्याचा पुरावा आजपर्यंत कुणालाही सापडलेला नाही.